आपली नसलेली श्रद्धा: मान कशाचा ठेवावा आणि कसा

"माझ्या श्रद्धेचा आदर करा," असे कोणी म्हटले की ती श्रद्धा नसलेला माणूस बहुधा दोनपैकी एक वाट धरतो. एक तर तो विषय तिथेच सोडून देतो आणि मनातले मनात ठेवतो, नाहीतर "ज्याला पुरावा नाही त्याचा आदर कशासाठी करायचा?" असे विचारून वादाला बसतो. दोन्ही उत्तरे घाईची आहेत, कारण आपल्याकडे नेमके काय मागितले जात आहे याची चौकशी दोन्हींत झालेली नसते. मी स्वतः कोणताही धर्म मानत नाही, आणि ज्यांच्या सहवासात माझे आयुष्य गेले त्यांतील बहुतेक जण मनापासून श्रद्धाळू आहेत. या दोन गोष्टी एकत्र नांदवताना जे उपयोगी पडले आणि जे चुकत चुकत शिकावे लागले, ते इथे मांडतो.

आधी शब्द वेगळे करावेत

मराठी बोलणाऱ्याला या प्रश्नाची पहिली गाठ व्याकरणातच सोडवता येते. आदर 'वाटतो', मान 'ठेवतात'. 'मला आदर वाटतो' या वाक्यात 'मला' येते, 'मी' येत नाही. दया यावी किंवा भीती वाटावी तसा तो आपल्या ठायी उत्पन्न होतो, आणि कोणी फर्मावले म्हणून उत्पन्न होत नाही. 'मी मान ठेवतो' ही मात्र कृती आहे. ती ठरवून करता येते, मन अनुकूल नसतानाही करता येते, आणि म्हणूनच दुसऱ्याने तिची आपल्याकडून अपेक्षा करणे रास्त असू शकते.

अमेरिकन तत्त्वज्ञ स्टीफन डारवॉल यांनी १९७७ साली हाच फरक शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. समोर माणूस आहे, एवढ्याच कारणाने आपल्या वागण्यात त्याला जे वजन द्यावे लागते तो एक आदर, आणि त्याचे गुण किंवा कर्तृत्व पाहून मनात जी थोरवी ठसते तो दुसरा. पहिला कमवावा लागत नाही. दुसरा कमवल्याशिवाय मिळत नाही. श्रद्धेविषयीच्या वादात हे दोन्ही एकाच शब्दाखाली येतात, आणि मग श्रद्धाळू माणूस पहिला मागत असताना ऐकणाऱ्याला दुसरा मागितल्यासारखे वाटते. कधी कधी उलटेही घडते: पहिल्याच्या नावाखाली खरोखर दुसराच मागितला जातो.

माझे म्हणणे एवढेच आहे की श्रद्धाळू माणसाचा मान ठेवणे हे आपले देणे आहे, आणि त्याच्या श्रद्धेविषयी आदर वाटणे हे देणे नाही. तो वाटला तर आनंदाची गोष्ट. न वाटल्यास तसे सोंग आणणे हा त्या माणसाचाच अपमान आहे, कारण खोट्या होकाराने आपण त्याला लहान मुलासारखे समजावत असतो.

मग मागणीचे क्रियापद विचारावे

'आदर करा' या शब्दांत काय करायचे ते कळत नाही, म्हणून त्याचे कृतीत रूपांतर करून घ्यावे. "मी नेमके काय केले, किंवा काय टाळले, म्हणजे तुमचा मान राहिला असे तुम्हाला वाटेल?" हा प्रश्न नम्रपणे विचारता येतो, आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर आपल्या भीतीपेक्षा पुष्कळ साधे निघते. उपवासाच्या दिवसांत जेवणाच्या वेळची बैठक तासभर पुढे ढकलावी, प्रार्थनेच्या वेळी शेजारच्या खोलीत मोठ्याने बोलू नये, पवित्र मानलेल्या ग्रंथावर चहाचा कप ठेवू नये. अशा गोष्टींना मान्यता देण्यासाठी कोणत्याही सिद्धान्ताला होकार द्यावा लागत नाही. त्या करून टाकाव्यात आणि त्यांचा गवगवा करू नये.

मागणी याच्या पुढे सरकू लागली की सावध व्हावे. ब्रिटिश तत्त्वज्ञ सायमन ब्लॅकबर्न यांनी दाखवून दिले आहे की आदराची मागणी सरकत जाते: आधी केवळ आड येऊ नका एवढेच म्हणणे असते, मग आमच्याविषयी चांगले बोला असे होते, आणि शेवटी आमच्यासारखे नतमस्तक व्हा इथवर ती येऊन पोहोचते. प्रत्येक पायरीवर शब्द तोच राहतो, म्हणून हे सरकणे ध्यानात येत नाही. क्रियापद विचारण्याचा उपयोग इथे होतो. 'आड येऊ नका', 'सोय करा', 'शिवीगाळ करू नका' या तिन्हींना मी जवळजवळ नेहमीच होकार देतो. 'सहभागी व्हा' याला परिस्थिती पाहून उत्तर देतो. 'असहमती बोलून दाखवू नका' आणि 'आमच्या नियमाने तुम्हीही जगा' या दोन्हींना नकार देतो, आणि तो नकार आवाज न चढवता देण्याचा प्रयत्न करतो.

मत बनवण्यापूर्वी श्रद्धा समजून घ्यावी

एक कसोटी मला फार उपयोगाची वाटते. समोरच्याची श्रद्धा आपल्या शब्दांत अशी सांगता आली पाहिजे की ती ऐकून त्याने "होय, मी हेच मानतो" असे म्हणावे. हे जमेपर्यंत टीका करू नये, कारण तोवर आपण आपल्याच मनातल्या एका चित्राशी भांडत असतो.

हे करू लागले की लक्षात येते की 'श्रद्धा' या एका शब्दाखाली पुष्कळ वेगवेगळ्या गोष्टी असतात. जगाची उत्पत्ती कशी झाली याविषयीचे एक विधान त्यात असते, रोज पहाटे उठून करायची एक कृती असते, गेलेल्या आईची आठवण असते, समूहात आपल्याला जागा असल्याची खात्री असते, आणि एखाद्या संस्थेची आज्ञा पाळण्याची सवयही असते. विधान खरे की खोटे हे तपासता येते. आठवण खोटी ठरवता येत नाही, आणि ठरवायचीही नसते. संस्थेला जाब विचारता येतो. विधानावर केलेली टीका आठवणीवर जाऊन आदळते तेव्हा समोरचा माणूस कळवळतो, आणि आपण मात्र 'मी तर फक्त युक्तिवाद केला' म्हणून मोकळे होतो. म्हणून बोलण्यापूर्वी स्वतःला विचारावे की आपण यांपैकी कशाविषयी बोलत आहोत, आणि समोरच्याच्या मनात या क्षणी यांपैकी काय आहे.

मी हे शिकलो ते एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात. माझ्या मित्राचे वडील आत अतिदक्षता विभागात होते. रात्रीचे दोन वाजून गेले होते, बाकावर आम्ही दोघेच होतो, आणि त्याच्या मुठीत वडिलांचा चष्मा होता, कारण परिचारिकेने तो काढून त्याच्या हातात दिला होता. तो म्हणाला, "तू पण प्रार्थना कर ना." मी म्हणालो, "माझ्या प्रार्थनेने काय होणार आहे? डॉक्टर करतायत ते करतायत." वाक्य खोटे नव्हते. त्याने काहीच उत्तर दिले नाही. फक्त चष्म्याच्या काड्या एकदा उघडून पुन्हा मिटल्या आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याने माझ्याकडे प्रार्थनेच्या परिणामकारकतेविषयी मत मागितलेच नव्हते. या रात्री मला एकटे ठेवू नकोस, एवढेच तो त्याच्या भाषेत म्हणत होता, आणि मी उत्तर दिले ते विधानाला.

दुसऱ्याच्या विधीत उभे कसे राहावे

'सहभागी व्हा' या मागणीला काय उत्तर द्यावे हे ठरवताना मला नेहमी एका लहान ख्रिस्ती पंथाचा इतिहास आठवतो. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक राष्ट्रध्वजाला वंदन करणे किंवा राष्ट्रगीत गाणे ही त्यांच्या देवाशी केलेली प्रतारणा समजतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४० साली, आठ विरुद्ध एक अशा बहुमताने, त्यांच्या मुलांवर शाळेत ध्वजवंदनाची सक्ती करता येईल असा निर्णय दिला. त्यानंतर अनेक ठिकाणी या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला निर्णय फिरवला. भारतात १९८५ साली केरळमधील एका शाळेने याच पंथातील तीन भावंडांना काढून टाकले होते. राष्ट्रगीत सुरू झाले की ती उठून अदबीने उभी राहत, पण गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. ही श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते की नाही हा प्रश्नच नाही, ती प्रामाणिकपणे आणि सदसद्विवेकाने बाळगली आहे की नाही एवढाच प्रश्न आहे, ही भूमिका त्या निकालाच्या मुळाशी आहे.

न्यायालयाने श्रद्धाळूंना दिलेली हीच मोकळीक श्रद्धा नसलेल्याच्याही कामी येते. ती मुले उभी राहिली आणि गायली नाहीत. या दोन कृतींमधली रेषा मी स्वतःसाठी जशीच्या तशी उचलली आहे. दुसऱ्याच्या विवाहाला, अंत्यविधीला किंवा प्रार्थनेला मी जातो, सगळे उठले की उठतो, पादत्राणे काढायची असतील तर काढतो, डोके झाकायचे असेल तर झाकतो, शांत राहतो आणि फोन खिशात ठेवतो. जी वाक्ये केवळ मानणाऱ्याने उच्चारायची असतात ती मात्र मी उच्चारत नाही. 'मी मानतो' असे शब्द असलेली प्रतिज्ञा न मानणाऱ्याने पुटपुटणे हे यजमानाला बरे वाटावे म्हणून केलेले असले, तरी ज्याच्यासाठी ते शब्द जिवाभावाचे आहेत त्याच्या दृष्टीने ते पोकळ होतात. यजमानाला आधीच सांगून ठेवणे उत्तम. "मी येईन, शेवटपर्यंत थांबेन, पण अमुक एक गोष्ट करणार नाही, तुला चालेल ना?" असे विचारल्यावर मला आजवर कोणी येऊ नकोस म्हटलेले नाही.

असहमती केव्हा आणि कशी बोलावी

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने कोरवलेल्या बाराव्या शिलालेखात या प्रश्नाचे जे उत्तर आहे, त्याहून नेमके उत्तर मला अजून सापडलेले नाही. गिरनार येथील पाठात अशोक म्हणतो की आपल्या संप्रदायाची स्तुती आणि दुसऱ्याच्या संप्रदायाची निंदा 'अप्रकरणी', म्हणजे प्रसंग नसताना, होऊ नये, आणि प्रसंग असलाच तर ती हलकी असावी. यासाठी वाणीचा संयम, त्याच्या शब्दांत 'वचिगुती', हे मूळ आहे. त्याने टीकेला बंदी घातलेली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. टीकेला दोन अटी लावल्या आहेत: प्रसंग आणि मात्रा. सगळ्यांनी एकमेकांची शिकवण ऐकावी आणि बहुश्रुत व्हावे, असेही तो पुढे म्हणतो.

प्रसंग कोणता, हे ओळखण्याची माझी रीत अशी आहे. समोरच्याने स्वतः विचारले, तो आपल्याला पटवण्यासाठी आला, किंवा त्याच्या श्रद्धेच्या आधारे इतरांना लागू होणारा निर्णय घेतला जाऊ लागला, तर प्रसंग आहे. दुःखाची वेळ, सणाची वेळ, आणि चारचौघांत एकट्या पडलेल्या माणसाची वेळ हा प्रसंग नव्हे. मात्रेविषयी एवढेच सांगतो की विधानावर बोलावे, बुद्धिमत्तेवर बोलू नये. "हे मला पटत नाही, कारण..." असे वाक्य सुरू झाले तर ते पुढे बहुधा नीट जाते, "तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसाने..." असे सुरू झाले तर ते तिथेच संपलेले असते.

आणखी एक बाब इथे विसरता कामा नये, ती म्हणजे बळाची. ज्या समूहाला राहायला घर आणि करायला काम मिळणेही कठीण केले गेले आहे त्याच्या श्रद्धेची टर उडवणे, आणि ज्या संस्थेच्या हाती सत्ता, पैसा व माणसे आहेत तिला प्रश्न विचारणे, या दोन्हींत शब्द तेच असले तरी कृत्य एक नाही.

मात्र प्रसंग आला असताना गप्प बसणे हा आदर नव्हे. माझ्याशी कोणी वाद घालतो तेव्हा मी विचार करू शकतो, मत बदलू शकतो, असे तो गृहीत धरत असतो. "जाऊ दे, त्याला काय सांगायचे" असे जेव्हा कोणी म्हणतो तेव्हा त्याने मला सोडून दिलेले असते. श्रद्धाळू माणसालाही हेच लागू पडते, आणि माझ्या श्रद्धाळू मित्रांपैकी ज्यांनी माझ्याशी रात्र रात्र वाद घातला त्यांच्याकडूनच माझा सर्वांत जास्त मान राखला गेला असे मला वाटते.

मर्यादा कुठे आखावी

भावना दुखावल्या, हे कारण आपल्याला थांबून विचार करायला पुरेसे आहे. गप्प करायला पुरेसे नाही. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याचे अठरावे कलम विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य देते, आणि धर्म बदलण्याचे स्वातंत्र्यही त्यातच आहे. हे संरक्षण माणसाला आहे, मताला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९३ मध्ये स्पष्ट केले की देव न मानणाऱ्यांची मतेही या संरक्षणात येतात, आणि २०११ मध्ये असे सांगितले की धर्माचा अनादर केला एवढ्यासाठी बंदी घालणारे कायदे नागरी व राजकीय हक्कांच्या कराराशी विसंगत आहेत. मात्र धार्मिक द्वेष पसरवून भेदभाव, वैर किंवा हिंसेला चिथावणी देणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला मनाई असलीच पाहिजे. श्रद्धेवर टीका आणि श्रद्धाळूंवर हल्ला यांतली ही रेषा घरगुती बोलण्यातही पाळण्याजोगी आहे.

दुसरी मर्यादा परिणाम कोणाला भोगावे लागतात यावरून ठरते. यहोवाचे साक्षीदार दुसऱ्याचे रक्त घेत नाहीत. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात १९७९ साली अपघातात बेशुद्ध झालेल्या एका स्त्रीच्या पर्समध्ये रक्त देऊ नये असे लिहिलेले कार्ड सापडले. डॉक्टरांनी तिचा जीव वाचवण्यासाठी तरीही रक्त दिले. ती बरी झाली आणि न्यायालयात गेली. तिला वीस हजार डॉलरची भरपाई मंजूर झाली, आणि १९९० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती कायम ठेवली. मला हा निकाल पचवायला जड गेला, पण तो बरोबर आहे असे मी मानतो: शरीर तिचे होते, निर्णय तिचा होता. लहान मुलाच्या बाबतीत मात्र माझे उत्तर नेमके उलट आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये, याच पंथातील नऊ वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात, म्हटले होते की पालक स्वतः हुतात्मे व्हायला मोकळे असतील, पण म्हणून आपल्या मुलांना हुतात्मे करायला ते मोकळे नाहीत. ज्याने ती श्रद्धा समजून उमजून स्वीकारलेलीच नाही त्याच्या जिवावर ती पाळली जाऊ लागली, तर तिथे मान राखण्याचा प्रश्न संपतो आणि मुलाला वाचवण्याचा सुरू होतो.

आदर खरोखर वाटला तर

तो नाकारू नये. नाझी छळछावण्यांत याच पंथाच्या लोकांना कपड्यांवर जांभळा त्रिकोण लावावा लागे. श्रद्धा सोडल्याच्या कागदावर सही केली असती तर त्यांची सुटका होऊ शकत होती, आणि बहुतेकांनी सही केली नाही. त्यांचा एकही सिद्धान्त मला पटत नाही, पण त्या न केलेल्या सहीपुढे माझे मन आपोआप झुकते. हे धैर्य श्रद्धेविनाही आले असते असे म्हणून त्यांच्याकडून त्यांचे कारण काढून घेणे मला अप्रामाणिक वाटते. ते त्यांच्या श्रद्धेतूनच आले होते. आणि आजारी मुलाला रक्त नाकारणारी जिद्दही त्याच श्रद्धेतून येते. म्हणूनच श्रद्धेला सरसकट आदर किंवा सरसकट अनादर द्यावा असे मला म्हणता येत नाही. तिने या माणसाकडून या वेळी काय करवले, हे दर वेळी नव्याने पाहावे लागते.

चुकल्यावर माफी कशाची मागावी

या सगळ्यात चुका होतात, आणि तेव्हा माफी नेमक्या चुकीची मागावी. प्रसंग चुकला असेल तर प्रसंगाची, शब्द कठोर गेला असेल तर शब्दाची. मत अजूनही तेच असेल तर मताची माफी मागू नये. तशी माफी ऐकणाऱ्याला पोकळ लागते आणि पुढच्या वेळी आपल्या खऱ्या होकारावरही त्याचा विश्वास बसत नाही.

मित्राचे वडील त्या आजारातून उठले नाहीत. तीन-चार महिन्यांनी मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, "प्रार्थनेने काही होत नाही हे माझं मत अजून तेच आहे. पण त्या रात्री ते बोलायचं काही कारण नव्हतं. माझं चुकलं." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला तुझं मत शाळेपासून माहीत आहे रे. तू नुसता शेजारी डोळे मिटून बसला असतास तरी चाललं असतं." वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी त्याने मला बोलावले. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो, आणि तो जे म्हणत होता ते मी म्हटले नाही.